काळा पाषाण आणि शहाबादी फरशी : दोन खडकांची तुलना

प्राथमिक शाळेच्या भूगोलात व परिसर-अभ्यासात खडकांचे अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित असे तीन वर्ग सांगितलेले असतात. मुले ही नावे लवकर पाठ करतात. व्याख्याही बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु शाळेच्या आवारातील एखादा धोंडा हाती देऊन "हा यांपैकी कोणता?" असे विचारले, म्हणजे वर्गात शांतता पसरते. जे थोडे विद्यार्थी उत्तर देतात, त्यांपैकी पुष्कळजण समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून "गाळाचा" असे सांगतात. कारण विचारल्यास तेही तयार असते : "गाळाच्या खडकात थर असतात, आणि त्या डोंगरात थर दिसतात, गुरुजी."

उत्तर चुकीचे आहे. पण ते आळशी विद्यार्थ्याचे उत्तर नव्हे. त्याने पुस्तक वाचले, डोंगर पाहिला आणि दोहोंचा मेळ घातला. उणीव आहे ती त्याला मिळालेल्या वाक्यात. गाळाचे खडक थराथरांचे असतात हे खरे. परंतु थर असलेला प्रत्येक खडक गाळाचा असतो, असे त्यावरून निघत नाही. जेथे गाळाचे खडक विपुल आहेत तेथे ही उणीव झाकून जाते. महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूमीवर मात्र अग्निज खडकाचेच थर पसरलेले आहेत, आणि येथे तेच वाक्य मुलास नेमके उलट दिशेला नेते. म्हणून हा पाठ व्याख्येपासून आरंभ न करता दोन प्रत्यक्ष दगडांपासून आरंभ करावा, असे सुचवावेसे वाटते. हे दोन्ही दगड बहुतेक गावांत फुकट मिळतात. एक आपला नेहमीचा काळा पाषाण, आणि दुसरा शाळेच्या किंवा देवळाच्या ओवरीच्या जमिनीवर बसविलेल्या शहाबादी फरशीचा फुटका तुकडा.

प्रथम काळ्या पाषाणाची हकीकत. शास्त्रज्ञ याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वर आला आणि सपाटीवर पसरला. त्याचे तापमान १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. आजही ज्वालामुखींतून बाहेर पडणाऱ्या या जातीच्या रसाचे तापमान तेवढेच आढळते. एक लोट थिजला, मध्ये काही काळ गेला, पुन्हा दुसरा लोट त्यावर पसरला. असे एकावर एक लोट येत राहिले. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र त्यांनी व्यापलेले दिसते. मूळचा विस्तार याहून मोठा होता. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर पायथ्यापासून माथ्यापर्यंत अशाच थरांनी बनलेले आहे.

येथे एक सूचना करणे अवश्य आहे. फळ्यावर ज्वालामुखी काढताना आपण शंकूच्या आकाराचा डोंगर, त्याच्या टोकाला तोंड आणि वर धूर असे चित्र काढतो. हे चित्र पाहिलेला मुलगा गावाजवळचे सर्वांत टोकदार शिखर म्हणजे विझलेला ज्वालामुखी असे धरून चालतो. वास्तविक आपल्या पठारावरील शिलारस मुख्यतः भेगांवाटे बाहेर आला, आणि आजची शिखरे ही त्या सपाट थरांना नद्यांनी व पावसाने कोट्यवधी वर्षे कोरून काढल्यावर मागे राहिलेले अवशेष आहेत. सपाट माथ्याचे किल्ले पाहिले म्हणजे हे सहज ध्यानात येते. थराचा कठीण भाग उभ्या कड्याच्या रूपाने उरतो, मऊ भाग झिजून उतार होतो, त्याखाली पुन्हा कडा. यामुळे डोंगरास पायऱ्यांचा आकार येतो. या खडकास इंग्रजीतून आलेले 'ट्रॅप' हे नावही मूळ पायऱ्यांसाठी असलेल्या एका स्वीडिश शब्दावरून पडलेले आहे.

समोरच्या डोंगरात मुलाला दिसतात ते हे थर. त्याने थर पाहिले यात काहीच चूक नाही. ते थर पाण्याने आणून टाकलेले आहेत असे मानले, एवढेच चुकले.

शहाबादी फरशीची कुळकथा अगदी निराळी आहे. ही फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात, भीमा नदीच्या खोऱ्यातील शहाबाद गावाच्या परिसरातून येते. ती चुनखडकाची आहे. एका उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा अतिसूक्ष्म गाळ बसत गेला, वरच्या भाराने दबला, त्यातील पाणी निघून गेले आणि कालांतराने तो दगड झाला. पाण्यातून चुना कसा खाली बसतो हे मुलांना घरीच पाहता येते. पाणी तापविण्याच्या बंबात किंवा हंड्यात आतून पांढरा कठीण पापुद्रा धरतो, तो मुख्यतः याच पदार्थाचा असतो. समुद्राच्या तळाशी चुन्याच्या गाळाबरोबर मधून मधून चिकणमातीचे पातळ पापुद्रेही बसले. दगड त्या पापुद्र्यांवर सुटतो. म्हणूनच खाणीत पहारी व पाचरी घालून त्याचे सरळ, सपाट पत्रे काढता येतात. फरशी सपाट असते ती सर्वस्वी कारागिराने घासल्यामुळे नव्हे; तिची मूळ सपाटी समुद्रतळाची आहे.

या दोन खडकांत वडील कोण, असा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि त्याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. शहाबादचा चुनखडक कितीतरी कोटी वर्षांनी वडील आहे. तो बनला, वर आला, झिजला. आणि त्यानंतर फार काळाने शिलारसाचे लोट त्यावर येऊन पसरले. शहाबादच्या उत्तरेस व पश्चिमेस हा चुनखडक काळ्या पाषाणाच्या खाली शिरलेला दिसतो. जो खाली तो आधीचा, हा साधा नियम येथे दोन्ही प्रकारच्या थरांना सारखाच लागू पडतो.

आता ओळखण्याच्या खुणा पाहू. पुस्तकात ज्या खुणा दिलेल्या असतात त्यांपैकी रंग, थर आणि कण या तिन्हींवर एकट्याने विसंबून राहता येत नाही, हे प्रथम मान्य करावे. थरांचे आपण पाहिलेच. रंगाचा दाखला तर घरोघरी आहे. स्वयंपाकघरातील ओट्यावर किंवा मांडणीला जो काळाभोर 'कडप्पा' वापरतात, तो आंध्र प्रदेशातील कडपा भागातून येणारा चुनखडकच असतो. तो काळा आहे, गुळगुळीत आहे, आणि पाहताक्षणी काळ्या पाषाणाचा भाऊ वाटतो. पण त्याचे नाते शहाबादी फरशीशी आहे. कणांविषयी म्हणाल तर शहाबादीचा गाळ इतका बारीक आहे की नुसत्या डोळ्यांना कण दिसत नाहीत, आणि काळ्या पाषाणातील स्फटिकही बहुधा दिसत नाहीत. भिंग असल्यास नव्या फुटलेल्या बाजूवर काळ्या पाषाणात बारीक चमचम दिसते, फरशी निस्तेज राहते. तथापि हा फरक सर्व मुलांना स्पष्ट होईलच असे नाही.

म्हणून डोळ्यांच्या साक्षीला हाताची साक्ष जोडावी लागते. तीन कसोट्या आपल्या शाळांतून सहज करता येण्याजोग्या आहेत.

पहिली कसोटी लोखंडी खिळ्याची. खिळ्याच्या टोकाने फरशीवर जोर देऊन रेघ ओढली असता दगड ओरखडतो व पांढरी भुकटी निघते. ताज्या फुटलेल्या काळ्या पाषाणावर तसाच प्रयत्न केला तर दगडाला इजा न होता उलट खिळाच झिजतो आणि करडी चकचकीत रेघ मागे ठेवतो. ती रेघ ओल्या फडक्याने पुसून दाखवावी व तिच्याखाली खाच आहे की नाही हे मुलांना नखाने चाचपू द्यावे. दगड ताजा फुटलेलाच घ्यावा. पाऊस-उन्हात वर्षानुवर्षे पडलेल्या पाषाणाची वरची तांबूस साल मऊ झालेली असते, आणि ती खिळ्याने सहज खरवडते.

दुसरी कसोटी लिंबाच्या रसाची. फरशीवर खिळ्याने थोडी भुकटी करून तीवर रसाचे दोन-चार थेंब टाकले की बारीक बुडबुडे येतात. आम्लाने चुन्याचा दगड विरघळतो आणि कर्बद्विप्राणिद वायू सुटतो, त्याचे हे बुडबुडे. काळ्या पाषाणावर काहीही होत नाही. या प्रयोगाचा घरगुती पुरावा मुलींना व मुलांनाही पाठ असतो. त्यांना फक्त तो विचारावा लागतो. शहाबादी वा कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू किंवा चिंच सांडून राहिली तर तेथे फिकट डाग पडतो, आणि तो घासून जात नाही. याउलट पाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिंच, लिंबू, आंबट कैरी वाटली जाते, पण पाट्याला काही होत नाही. तो झिजतो तो वरवंट्याने, आणि मग त्याला टाकी लावून घ्यावी लागते. आपल्याकडचा पाटा-वरवंटा काळ्या पाषाणाचा असतो. जुन्या कारागिरांनी वाटण्यासाठी कोणता दगड निवडावा आणि चालण्यासाठी कोणता, याचा निर्णय रसायनशास्त्र न शिकता बरोबर केला होता.

या कसोटीत फसगत होण्याची ठिकाणे मात्र शिक्षकाने आधी जाणून असावे. फरशीचा तुकडा उखडलेल्या जमिनीतील असल्यास त्याला सिमेंट चिकटलेले असते, आणि सिमेंटही आम्लाने फसफसते. तो भाग टाळावा. शेतातील काळ्या मातीतून काढलेल्या पाषाणावर चुनखडीचे पांढरे कवच असते, त्यावरही बुडबुडे येतात. त्याचप्रमाणे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कधी कधी चुन्याचे पांढरे खडे बसलेले असतात. बुडबुडे आले तर ते दगडातून आले की दगडावरील वस्तूतून, हा प्रश्न मुलांनीच विचारावा अशी सवय लावली तर प्रयोगाचे खरे चीज होते. तीव्र आम्ल मुलांच्या हाती देण्याचे काहीच कारण नाही. लिंबाने काम भागते.

तिसरी कसोटी लोहचुंबकाची. काळ्या पाषाणात लोहाचे चुंबकीय कण असतात. दगडाची भुकटी कागदावर पसरून खालून चुंबक फिरविला असता काही काळे कण हलतात. फरशीची भुकटी स्थिर राहते. भुकटी लोखंडी हातोड्याने केली तर हातोड्याचेच कण तीत मिसळून निकाल खोटा ठरण्याचा संभव आहे, म्हणून दगडावर दगड घासून ती करावी. याहून सोपा मार्ग ओढ्याच्या वाळूचा. पाषाणाच्या प्रदेशातील ओढ्याच्या कोरड्या वाळूत चुंबक फिरविला की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. हे कण डोंगर झिजून खाली आलेले असतात. मुलांना हा प्रयोग फार आवडतो आणि तास संपला तरी ती वाळू सोडत नाहीत, हे लक्षात घेऊन वेळापत्रक आखावे.

वजनाची कसोटी पुष्कळ पुस्तकांत असते. काळा पाषाण समान आकारमानाच्या पाण्याच्या जवळजवळ २.९ पट जड, आणि असला घट्ट चुनखडक सुमारे २.७ पट. एवढा फरक हाताला कळत नाही. साध्या तराजूने मोजताना होणाऱ्या चुकीतच तो बुडून जातो. प्राथमिक वर्गात या प्रयोगाच्या वाटेस जाऊ नये असे माझे मत आहे.

काळ्या पाषाणाचा अग्निज जन्म दाखविणारी सर्वांत सुंदर खूण म्हणजे त्याच्या पोकळ्या. शिलारसात वायू असतात. रस थिजताना ते वर येऊन लोटाच्या माथ्याजवळ अडकतात. बत्ताशाचा तुकडा मोडून दाखविला की मुलांना दुसरे काही समजावून सांगावे लागत नाही. पुढे या पोकळ्यांतून पाणी झिरपून त्यांत पांढरे, हिरवट, कधी गुलाबी स्फटिक तयार झाले. पठारावर शेतातून सापडणाऱ्या गारगोट्या बहुतांशी अशाच पोकळ्यांतून सुटून आलेल्या आहेत. शहाबादीत असल्या पोकळ्या नसतात. दुसरी खूण उभ्या भेगांची. थिजताना खडक आकसतो व त्याला उभ्या चिरा पडतात. मुंबईस अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडीवर या चिरांनी पाषाणाचे उंच, पैलूदार खांबच झालेले दिसतात. जवळच्या खाणीच्या उभ्या कापात अशा चिरा मुलांना लांबून दाखवाव्यात. खाणीच्या कडेला वर्ग नेऊ नये.

थराची जाडी हीदेखील उपयोगी खूण आहे. फरशीचे पत्रे बोट-दोन बोटे ते वीतभर जाडीचे सुटतात. शिलारसाचा एक थर काही मीटरपासून कित्येक मीटरपर्यंत जाड असतो, त्याचा माथा सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट असतो. दोन थरांच्या सांध्यावर कोठे कोठे विटकरी मातीचा पट्टा दिसतो. एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात खालच्या थराचा माथा झिजून झालेली ती माती होय. घाटरस्त्याच्या कापात हा पट्टा चांगला दिसतो. काही ठिकाणी अशा मधल्या काळात तळीही साचली, त्यांत गाळ बसला, आणि नंतरच्या लोटाखाली तो बंद झाला. मुंबईच्या वरळी टेकडीत अशाच गाळाच्या खडकातून लहान बेडकांचे अवशेष निघाले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले. तेव्हा अग्निज खडकांच्या डोंगरातही गाळाचा खडक असू शकतो. जीवाश्म मिळाले ते मात्र त्या गाळात. तप्त शिलारसात सापडलेला बेडूक आपला ठसा मागे ठेवू शकला नसता.

हे सारे ज्ञान मुलाला पुढे कोठे लागणार, असे एखादा पालक विचारील. त्याला विहिरीकडे बोट दाखवावे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात कूपनलिका मोठ्या संख्येने खोदल्या गेल्या, आणि विहीर किंवा कूपनलिका हा अनेक शेतकरी कुटुंबांच्या आयुष्यातील मोठ्या खर्चांपैकी एक झाला आहे. तो बहुधा कर्ज काढून होतो. कोरडी गेलेली कूपनलिका पाणी देत नाही, पण तिचे हप्ते थांबत नाहीत. अशा वेळी "खोल गेले म्हणजे पाणी लागतेच" ही समजूत महाग पडते. वाळूच्या दाण्यांनी बनलेल्या खडकात, उदाहरणार्थ नागपूरजवळील कामठीच्या वालुकाश्मात, दाण्यांच्या मधल्या जागेत पाणी राहू शकते. घट्ट काळ्या पाषाणात अशी जागा नसते. तेथे पाणी असते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, चिरांमध्ये, आणि दोन थरांच्या सांध्याजवळ. जसजसे खोल जावे तसतशा चिरा सामान्यतः मिटत जातात. म्हणून एका शेतकऱ्याला चाळीस फुटांवर भरपूर पाणी लागते आणि शेजारच्याला तीनशे फुटांवरही कोरडी भुकटीच मिळते. यात दैवाचा भाग नाही. चीर कोठून जाते याचा आहे. चुनखडकाची तऱ्हा आणखी वेगळी. आम्लाने तो विरघळतो हे आपण लिंबाने पाहिले. मातीतून झिरपणारे पाणीही किंचित आम्ल असते, ते चिरा रुंद करीत जाते. आंध्र प्रदेशातील बेलमच्या प्रसिद्ध गुहा अशाच पाण्याने चुनखडकात कोरलेल्या आहेत.

डोंगर गाळाचा आहे असे धरून चालणारा मुलगा मोठेपणी सगळा डोंगर स्पंजासारखा पाणी धरून आहे असे मानील, आणि पाणाड्याने नारळ फिरवून दाखविलेल्या जागी कितीही खोल जायला तयार होईल. पाणाड्याशी वाद घालण्याचे काम शिक्षकावर नाही. पण आपल्या पायाखालचा खडक कोणता, आणि त्यात पाण्याला जागा कोठे असते, एवढे मुलाच्या घरापर्यंत पोहोचविणे हे निश्चित आपले काम आहे.

कोकणातील शिक्षकांसाठी एक शब्द. तेथील जांभा दगड मुले लगेच समोर आणतील व त्याला तीनपैकी कोणत्या वर्गात घालावे असे विचारतील. उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडक जागच्या जागी कुजून, त्यातील इतर द्रव्ये धुऊन जाऊन लोह व ॲल्युमिनियमची द्रव्ये मागे राहिल्याने जांभा बनतो. त्याला ओढूनताणून एखाद्या वर्गात कोंबू नये. निसर्गाने आपले वर्गीकरण पाहून दगड केलेले नाहीत, असे सांगितले तर मुलांना आनंदच होतो.

गावात नवी विहीर निघत असेल तर खडकांच्या पाठासाठी त्याहून उत्तम साधन नाही. मालकाची परवानगी घेऊन, विहिरीपासून दूर टाकलेल्या ढिगातून, काम चालू असताना दर चार-पाच फुटांच्या खुदाईतील एक तुकडा आणवावा. त्यावर खोली, तारीख आणि पाणी दिसले की नाही एवढे लिहून ते शाळेतील फळीवर वरून खाली अनुक्रमाने मांडावेत : माती, मुरूम, सच्छिद्र खडक, घट्ट पाषाण, तांबडा पट्टा लागल्यास तोही. शेवटी बाजूला शहाबादीचा एक तुकडा ठेवावा, म्हणजे दोन्ही जातींची तुलना सतत डोळ्यांसमोर राहील. शेजारच्या शेतात दुसरी विहीर निघाली की तिची ओळ पहिलीच्या शेजारी लावावी, आणि पाणी कोणत्या तुकड्यापाशी लागले हे मुलांना स्वतः शोधू द्यावे.